मृग लागला, आता कुंडी बदलू का?

या महिन्याच्या टपालात बोन्सायची पत्रं इतकी आली की गुलाब आणि जास्वंदीला रजा दिली आहे. बहुतेकांनी एकच विचारलंय, ‘केव्हा?’ कुंडी केव्हा बदलू, छाटू केव्हा, फांदीला आकार द्यायची तार केव्हा गुंडाळू. गोंधळ होणारच. पुस्तकं आणि व्हिडिओ जपानचे नाहीतर अमेरिकेचे, आणि झाड सदाशिव पेठेतल्या गॅलरीत. तिकडे झाडं बर्फात झोपतात, इकडे पौषातसुद्धा वडाच्या कुळातला नांदरूक हिरवागार उभा असतो. म्हणून उत्तरांआधीच सांगते, महिना नंतर बघा, आधी झाडाचा शेंडा बघा. शेंडा हलतोय, नवी लालसर पानं उलगडताहेत, तर झाड काम करायला तयार आहे. शेंडा गप्प असेल तर तुम्हीही गप्प बसा.

ताई, माझ्याकडे सात-आठ वर्षांचा नांदरूक ट्रेमध्ये, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीत आहे. पुस्तकात कुंडी वसंतात बदला असं दिलंय. शेजारचे काका म्हणतात, मृगाचा पाऊस पडल्यावर बदला. कुणाचं ऐकू? (कोथरूड, पुणे)

काकांचं ऐका. पुस्तक खोटं नाही, ते दुसऱ्या हवेसाठी लिहिलंय. जपानी मेपल हिवाळाभर निष्पर्ण असतो. थंडी सरताना कळ्या फुगतात, तेव्हा मुळं छाटली तर पुढचे दोन-तीन महिने त्याला गार, ओलसर हवा मिळते आणि जखमा भरून येतात. आपल्या वसंतात काय होतं? फेब्रुवारीअखेर तुम्ही मुळं छाटणार, आणि त्यांचा जम बसतो न बसतो तोच एप्रिलचं ऊन. मुळं अर्धी, पानं पूर्ण, वरून चाळीसचा पारा. अनुभवी माणूस सावली आणि पाण्याचं गणित सांभाळून फेब्रुवारी-मार्चमध्येही हे काम करतो. नवख्याने जूनची वाट बघावी. वड, नांदरूक, उंबर ही सगळी फायकस मंडळी उष्ण आणि दमट हवेतच जोमाने मुळं फोडतात, आणि ती हवा आपल्याकडे मृग ते पुनर्वसू आयती मिळते. पहिल्या वळवाला भुलू नका. पाऊस दोन-चार दिवस टिकला, हवा निवली, की मग हात घाला.

आधी बदलायची गरज आहे का ते तपासा. घातलेलं पाणी वरच तुंबून राहतं का? भोकातून मुळं डोकावताहेत का? ट्रेच्या कडेने सुरी फिरवून झाड उचला. मुळांचा घट्ट पोळा निघाला तर बदला. माती मोकळी दिसली तर तसंच परत ठेवा, पुढच्या वर्षी बघू. वाढत्या वयाच्या नांदरुकाला साधारण दोन वर्षांनी ही वेळ येते.

बदलायचं ठरलं तर बांबूच्या काडीने जुनी माती कडेकडेने सोडवा. एक तृतीयांशाहून जास्त मुळं कापू नका, आणि कापायची ती जाड, खाली जाणारी. बारीक, आडवी पसरणारी मुळं जपा, पुढे बुंध्याची शोभा त्यांच्यावरच असते. भोकांवर प्लास्टिकची जाळी ठेवा, आणि भोकातूनच एक तार वर घेऊन झाड ट्रेला बांधून टाका. बांधणं लोक टाळतात आणि मग पहिल्याच वाऱ्यात झाड डुलतं, डुललं की कोवळी मुळं तुटतात. मिश्रणात विटांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे निम्मे, उरलेल्यात पोयटा म्हणजे गाळाची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. विटांची पूड चाळून फेकून द्या, ती भोकं बुजवते. नंतर पंधरा दिवस सावली, महिनाभर खत बंद.

तुमच्याकडे डाळिंब असेल तर मात्र हा नियम उलटा. डाळिंब थंडीत पानं गाळतं, म्हणून त्याची मुळं पालवी फुटायच्या आधी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत छाटायची. बघा, एकाच गॅलरीत दोन पंचांगं झाली.

आमच्याकडे पाऊस लागला की थांबत नाही. मागच्या वर्षी श्रावणात वडाची पानं पिवळी पडली, फांद्या नुसत्या लांबल्या. झाड घरात घेऊ का? (रत्नागिरी)

घरात अजिबात नको. पावसाळ्यात मुळात ऊन कमी, त्यात घरातला अंधार. फांद्या लांबतात, पेरं लांबतात, ती उजेडाच्या ओढीनेच. उलट ओटीवरून पुढे सरकवा, जिथे आभाळ जास्त दिसेल तिथे.

पानं पिवळी पडतात ती पाणी साचून. ट्रेच्या एका बाजूखाली कौलाचा तुकडा सरकवा, ट्रे तिरका झाला की पाणी एका कडेला निथळतं. खाली बशी ठेवली असेल तर आजच काढा. कोकणासाठी मिश्रणात विटांचे तुकडे निम्म्याहून अधिक हवेत आणि कोकोपीट नको, घाटावरचे लोक सांगतात ते प्रमाण तुमच्याकडे चालणार नाही. बुंध्यावर शेवाळ चढलं तर जुन्या टूथब्रशने काढा. रात्री बॅटरी घेऊन एकदा गोगलगाई वेचा.

आणि तुमच्या पावसाचा एक फायदा आम्हा साताऱ्याच्या गच्चीवाल्यांना हेवा वाटावा असा आहे. तुमच्या दमट हवेत वडाला पारंब्या आपसूक सुटतात. त्या हवेतच सुकून जाऊ नयेत म्हणून शीतपेयाची नळी उभी चिरा, पारंबी त्यात घ्या, आत बारीक पोयटा भरा आणि नळीचं टोक मातीत रोवा. पारंबी जमिनीत पोचून जाड होऊ लागली की नळी सोडवा. साताऱ्यात हे करायला मला प्लास्टिकचे तंबू उभारावे लागतात.

तार गुंडाळून दोन महिने झाले, फांदीत रुतली आहे. उलगडू की राहू देऊ? (कोल्हापूर)

उलगडू नका, फांदी मोडेल. पक्कडने एकेक वेढा तोडून तुकडे काढा. व्रण राहतील, हळूहळू भरतील. थंडीत तीच तार चार महिने चालते, पावसाळ्यात फांदी भराभर पोसते म्हणून दर रविवारी नजर टाकायची. फांदी परत मूळ जागी गेली तर नवी तार उलट्या दिशेने घाला, ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी.

काकू, मी कॉलेजात शिकतो, रूमवर राहतो. विकतचं बोन्साय परवडत नाही. आमच्या जुन्या इमारतीच्या भिंतीत पिंपळ आणि वड उगवलेत. त्यांचं बोन्साय होईल का? किती वर्षं लागतील? (छत्रपती संभाजीनगर)

अरे, तुझ्या भिंतीत खजिना आहे! बुलबुल आणि मैना फळं खातात, बी भेगेत पडतं आणि रोप विटांच्या फटीत अडकून वाढतं. जागा नसल्यामुळे त्याचा बुंधा चपटा, वेडावाकडा होतो. नर्सरीतल्या सरळसोट रोपाला तसा आकार द्यायला लोक वर्षानुवर्षं खपतात. इमारतीलाही ते रोप नकोच असतं. तरी मालकाला विचार, आणि ड्रेनेजच्या पाइपाला लटकून काही काढायला जाऊ नकोस. हाताला लागेल तेवढंच.

आता जूनअखेर योग्य वेळ आहे. आधी सगळी पानं कात्रीने काप, देठं राहू दे. चीक हाताला लागतो, डोळ्यात जाऊ देऊ नको. मग छिन्नीने फटीतला चुना मोकळा कर आणि जितकं मूळ निघेल तितकं काढ. वीतभर निघालं तरी फायकस जगतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून लगेच घरी आण. फाटकं मूळ धारदार ब्लेडने साफ काप.

आणि इथे सगळे चुकतात, लगेच ट्रे शोधायला लागतात. तुला ट्रे नकोच आहे. बांधकामावरचं जुनं घमेलं घे, तळाला पाच-सहा भोकं पाड, विटांचे तुकडे आणि पोयटा भर, त्यात लाव. वरून मोठी पारदर्शक पिशवी पालथी घाल आणि सावलीत ठेव. कोंब फुटले की पिशवीला रोज थोडी थोडी भोकं पाडत जा.

किती वर्षं? पिंपळ आधी बाजूला ठेव. त्याची पानं मोठी, देठ लांब, लहान झाडावर ती प्रमाणात दिसायला फार झगडावं लागतं. वडापासून सुरुवात कर. खोड जाड व्हायला हवं असेल तर पहिली दोन-तीन वर्षं एक-दोन फांद्या मोकाट वाढू दे, चार-पाच फूट गेल्या तरी कापू नको. खोड पानांच्या अन्नावर पोसतं. पहिल्या दिवसापासून छाटत बसलास तर दहा वर्षांनी बोटाएवढंच खोड राहील. हवी तेवढी जाडी आली की त्या फांद्या बुंध्याजवळून काप, ट्रे तेव्हा. तोवर नोकरीला लागशील, ट्रे परवडेल.

खर्च म्हणशील तर निंबोळी पेंड आणि शेंगदाणा पेंड, दोन्ही बाजारात किलोवर मिळतात. पावसाळा संपल्यावर महिन्यातून मूठभर.

बोगनवेलीचं बोन्साय आहे. पानं भरघोस, फूल एक नाही. रोज नेमाने पाणी घालते. (सांगली)

तुमचा नेमच आड येतोय. पाऊसभर ती पानंच काढणार, काढू द्या. हस्ताचा पाऊस सरला की लांब कोंब छाटा, भरपूर उन्हात ठेवा आणि पाणी तोडा. पानं किंचित मलूल झाली की मगच पाणी, पुन्हा तसंच. थंडी सरता सरता रंग दिसेल. नत्राचं खत त्या काळात बंद. मुळं ठिसूळ असतात, कुंडी बदलताना हलक्या हाताने.

मुंबईत घेतलेला जुनिपर दोन महिने हिरवा होता, आता हात लावला की पानं गळतात. (डोंबिवली)

तो केव्हाच गेला होता. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. हॉलच्या टीपॉयवर तो जगत नाही, त्याला उघडं आकाश लागतं आणि थंडीही. डोंबिवलीत नांदरूक किंवा कामिनी ठेवा, तेही खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये.

नागपूरच्या मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ट्रेमधली दोन इंच माती दुपारीच कोरडी होते. पुढच्या उन्हाळ्यासाठी काय करू?

गच्चीच्या स्लॅबवर ट्रे ठेवू नका, खाली लाकडी फळी आणि हवा खेळेल एवढी जागा हवी. मार्चपासून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते, तिच्यापासून लांब. सगळ्यात चांगलं म्हणजे पसरट घमेल्यात ओली वाळू भरून त्यात आख्खा ट्रे बसवून द्या, मुळं थंड राहतात. पाणी सकाळी ऊन चढायच्या आत आणि पुन्हा सूर्य कलल्यावर. माती एकदा कडक सुकली की वरून घातलेलं पाणी कडेने निसटतं. तेव्हा ट्रे पाण्याच्या टबात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मेमध्ये खत नाही, छाटणी नाही.

सासूबाई म्हणतात, बोन्साय घरात ठेवणं अशुभ, आणि झाडाला खुजं ठेवणं म्हणजे छळ. (सोलापूर)

घरात ठेवू नये हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, कारण घरात ऊन नसतं! अंगणात ठेवा, सगळ्यांचं समाधान होईल.

छळाचं म्हणाल तर उपाशी ठेवलेलं झाड मरतं, लहान होत नाही. बोन्सायला खत, पाणी, नवी माती आपल्या अंगणातल्या आंब्यापेक्षा जास्त मिळते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो कुंडीत घडवला जातोय. हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता, 6 ऑगस्ट 1945 च्या बॉम्बमधून वाचला आणि 1976 मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. छळलेलं झाड चारशे वर्षं पालवत नाही. सासूबाईंना हे सांगा, पण सांगताना चहा पुढे ठेवा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. हीटर असलेल्या लिव्हिंग रूममध्ये जपानी मेपल ठेवलाय, हिवाळ्यात पानं गळून काड्या उरतात. शिवाय डिसेंबरात साताऱ्याला येतोय, आईची चिंच घेऊन जाता येईल का?

मेपलला तिथून हलवा. पानं गळणं ठीकच आहे, ते त्याचं झोपणं. मात्र उबेत त्याला नीट झोप लागत नाही आणि दोन-तीन वर्षांत तो थकून जातो. त्याला बाहेरची थंडी हवी. फक्त उथळ कुंडीतली मुळं जमिनीतल्या मुळांइतकी गारठा सोसत नाहीत, म्हणून कडाक्याच्या दिवसांत हीटर नसलेल्या गराजमध्ये ठेवा आणि माती अगदी सुकू देऊ नका. याउलट फायकस असेल तर पारा दहाच्या खाली जायच्या आधी आत, दक्षिणेच्या खिडकीशी.

चिंचेचं झाड मातीसकट अमेरिकेत नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतील. आईकडून पिकल्या चिंचेतले चिंचोकेही परस्पर बॅगेत टाकू नका, बियांचेही नियम आहेत, ते आधी बघा. तिकडे भारतीय दुकानात गोड चिंच मिळते, तिचे चिंचोके रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मे महिन्यात पेरा.

वॉशिंग्टनला जाणं झालं तर तो हिरोशिमाचा पाइन बघून या. आणि मेपलची कुंडी मार्चमध्ये, कळ्या फुगल्या की बदला. तुमच्याकडे पुस्तक बरोबर आहे.