‘पुट अप विथ’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कोशात ‘पुट अप विथ’चा अर्थ ‘सहन करणे’ दिलाय. मग ‘थँक यू फॉर पुटिंग अप विथ मी’चं ‘मला सहन केल्याबद्दल आभार’ हे भाषांतर कानाला का खटकतं?

खटकतं, कारण ‘सहन करणे’ला वेदनेचं वजन आहे. ‘पुट अप विथ’ बहुतेक वेळा कटकटीसाठी येतं: शेजारचा गोंगाट, कुणाचा विसराळूपणा, सतत बंद पडणारा फोन. जवळचं माणूस गेल्याचं दुःख कुणी ‘पुट अप विथ’ करत नाही, तिथे ‘बेअर’ किंवा ‘एन्ड्युअर’ लागतं. त्रास होतोय, आवडत नाहीये, तरी निभावून नेतोय, हा ‘पुट अप विथ’चा गाभा.

या छटेसाठी मराठीत एक शब्द नाही, अख्खं घराणं आहे आणि त्याचं आडनाव ‘घेणे’. वस्तूतली उणीव आपण चालवून घेतो, रागावलेल्या वरिष्ठांचं ऐकून घेतो, उद्धटपणा खपवून घेत नाही आणि आपल्या माणसाला सांभाळून घेतो. म्हणून वरच्या वाक्याचं माझं मराठी: ‘मला सांभाळून घेतलंत, आभारी आहे.’ त्रास झाल्याची कबुली त्यात आहे आणि माया पण आहे.

‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ यांचे सुटे अर्थ जोडून काहीच हाती लागत नाही, ही तक्रार खरी आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, परक्यांना सगळ्यात जड जातात ती अशीच जोडक्रियापदं, असं नोंदवून ठेवलंय. पण आपलं ‘खपणे’ बघा. माल खपतो, माणूस शेतात दिवसभर खपतो, लढाईत शेकडो खपतात आणि ‘हे मला खपणार नाही’ असंही आपण ठणकावतो. मराठी शिकणाऱ्याने ‘खपवून घेणे’ कसं उलगडावं? पाठच करावं लागतं. ‘पुट अप विथ’सुद्धा तसंच अखंड लक्षात ठेवा.

भाषांतर करताना मी आधी सोबतचं सहायक क्रियापद बघते. ‘आय कान्ट पुट अप विथ इट’ म्हणजे ‘मला सहन होत नाही’. इथे ताकद संपली आहे. ‘आय वोन्ट पुट अप विथ इट’ म्हणजे ‘मी खपवून घेणार नाही’. इथे ताकद शाबूत आहे आणि इशारा आहे. ‘हॅव टू’ असेल तर ‘लागतं’ येतं: ‘त्याची बोलणी ऐकून घ्यावी लागतात.’

राहता राहिला शब्दक्रम. कर्म कायम ‘विथ’च्या नंतर. ‘पुट इट ऑफ’ चालतं म्हणून अनेकजण ‘पुट इट अप विथ’ म्हणून जातात, ते मात्र चूक. ‘पुट अप विथ इट’ असंच म्हणायचं.