वायरलेसवर तोंडून शिवी गेली तर?

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत राहतो, गावच्या फायर डिपार्टमेंटमध्ये व्हॉलंटियर आहे. परवा आगीच्या कॉलवर होज (पाण्याचा पाइप) अडकला आणि रेडिओवर माझ्या तोंडून शिवी गेली, तीही मराठीत. कॅप्टननी नंतर बाजूला घेऊन समजावलं. पण हा खरंच कायद्याचा विषय आहे का?

उत्तर: हो दादा, आहे. अमेरिकेत फेडरल कायद्याचं 1464 नंबरचं कलम आहे, रेडिओवरून अश्लील किंवा शिवराळ बोलणं हा गुन्हा, दंड, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कलमात भाषेचं नाव नाही, त्यामुळे मराठीत दिली म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. आता भर आगीत एक शब्द निसटला म्हणून लगेच कुणी जेलमध्ये टाकेल असं मला नाही वाटत, ते बहुतेक खात्यातच मिटतं, पण सवय लागू देऊ नका.

मला कायद्यापेक्षा दुसरीच काळजी वाटते. त्या चॅनलवर एका वेळी एकालाच नीट बोलता येतं, तुम्ही बटण दाबून चिडचिड करताय आणि त्याच दोन सेकंदांत आत अडकलेला तुमचाच माणूस मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, देत असेल तर? त्याचा आवाज कापला जातो हो! शिवाय बोलणं बहुतेकदा रेकॉर्ड होतं, उद्या कोर्टातही वाजू शकतं, आणि चॅनल एन्क्रिप्टेड (बाहेरच्यांना कळू नये म्हणून कुलूपबंद केलेला) नसेल तर स्कॅनरवाले, म्हणजे असे चॅनल पकडणारा रेडिओ बाळगणारे लोक घरबसल्या ऐकतात, त्यात जळत्या घरातल्यांचे नातेवाईकही असू शकतात.

म्हणून राग आला की आधी बटणावरचं बोट काढा. मग श्वास घेऊन एवढंच सांगा, कुठे आहात, काय अडकलंय, काय हवंय.