पदवीच्या दुसऱ्या वर्षातही ‘मला काय झेपेल’ हे कळत नाही; हा माझ्या मनाचा दुर्बळपणा आहे की परिस्थितीचा परिणाम?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही इंदुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, मन संख्याशास्त्राकडे ओढ घेते, वडील बँकेच्या परीक्षेचा आग्रह धरतात आणि लहानपणापासून घरात ‘गणित दादाचं, तुझं आपलं मराठी’ असे ऐकत आल्या आहात. याच शहरातल्या एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे शिकवतो आहे आणि माझे मत असे आहे की ‘मला झेपणार नाही’ हा निष्कर्ष तुम्ही स्वतः काढलेला नाही, तो तुम्हाला आयता मिळाला आहे.

एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास कशातून घडतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली केली. स्वतः ते काम करून आलेले यश, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणे, इतरांचे बोलणे आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था, हे त्याचे चार स्रोत होत. पैकी पहिला सर्वांत बळकट असतो. तुमच्या बाबतीत मात्र तिसराच एवढी वर्षे काम करत राहिला. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा पुरुषांचे मानले जाणारे व्यवसाय आपल्याला जमतील असा विश्वास मुलींमध्ये कमी आढळला. क्षमता-चाचणीच्या गुणांत मात्र मुलामुलींमध्ये तसा फरक नव्हता. हे वाचल्यापासून वर्गातल्या गप्प बसणाऱ्या मुलीला मी ‘हिला येत नसेल’ असे कधीही गृहीत धरलेले नाही.

वडिलांचा आग्रहही केवळ हट्ट समजू नका. इंदुरातली हुकुमचंद कापड मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न २०२३ च्या अखेरीस मार्गी लागला. ज्या पिढीने आपल्या शहरात हे पाहिले, तिला महिन्याच्या ठरलेल्या पगाराची ओढ वाटणारच. ती भीती खरी आहे, पण तिच्यावरून तुमची क्षमता ठरत नाही. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करा.

म्हणून या सत्रात पहिला स्रोत वापरून पाहा. ओळखीच्या एखाद्या किराणा दुकानाच्या तीन महिन्यांच्या विक्रीच्या नोंदी मागून घ्या, कोणत्या वारी काय अधिक खपते ते काढा आणि तुमच्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. मराठी माध्यमातून किंवा वाणिज्य शाखेतून या विषयाकडे वळलेली, तुमच्याहून एक-दोन वर्षे पुढे असलेली एखादी ताई शोधून तिच्याशी तासभर बोला. परीक्षेपूर्वी छातीत होणारी धडधड हा विषय न येण्याचा पुरावा मानू नका. ती उत्तम गुण मिळवणाऱ्यांनाही होते.

त्यानंतर वडिलांसमोर बसाल तेव्हा केवळ आवड सांगू नका, तर ते केलेले काम त्यांच्या हाती द्या आणि पदवी पूर्ण होईपर्यंतची मुदत मागा. बँकेच्या परीक्षा त्यानंतरही देता येतात.