रंगीत पडदा असूनही सेगाचा गेम गिअर गेम बॉयपुढे का टिकला नाही?

सेगा या व्हिडिओ गेम कंपनीचा हातात धरून खेळायचा गेम गिअर मागे पडला तो मुख्यतः सेल फार खात असल्यामुळे, कारण हातात धरून खेळायच्या यंत्राची खरी उपयुक्तता ते प्लगपासून किती वेळ दूर राहू शकते यावरच ठरते. १९९० साली जपानमध्ये आलेल्या या यंत्राचा मागून उजळणारा रंगीत पडदा सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवत असे. उलट निन्टेन्डो या प्रतिस्पर्धी कंपनीच्या १९८९च्या गेम बॉयचा हिरवट, चार छटांचा, दिव्याविना असलेला पडदा, जो उन्हात किंवा दिव्याखालीच नीट दिसे, चारच सेलांवर दहा तासांहून अधिक चालत असे. मात्र केवळ सेलांचा हिशेब पुरेसा नाही, कारण अमेरिकेत गेम बॉयसोबतच वरून पडणारे ठोकळे रचायचा टेट्रिस मिळत असे आणि पाच मिनिटांच्या फावल्या वेळातही रंगणारा हा खेळ मोठ्यांनाही तितकाच आवडला.