भाड्याच्या गाडीचे नुकसान : भरपाई किती आणि कोणी द्यायची?

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर भाड्याने घेतलेल्या गाड्यांबाबतची बरीच पत्रे या सदराकडे आली. त्यांतील तीन पत्रे येथे घेतली आहेत. दोन पत्रे गाडी घेणाऱ्यांच्या बाजूची आहेत आणि एक गाडी देणाऱ्याचे आहे.

प्रश्न : मी ठाण्याला नोकरी करतो. आमचे मूळ घर गोव्यात फोंडा तालुक्यात आहे. यंदा चवथीला कुटुंबासह मोप विमानतळावर उतरलो आणि तेथेच पाच दिवसांसाठी स्वतः चालवण्याकरिता गाडी भाड्याने घेतली. अनामत म्हणून १०,००० रुपये यूपीआयने दिले. गाडी परत करताना मालकाच्या माणसाने मागचा बंपर ओल्या फडक्याने पुसला, डाव्या कोपऱ्यावरचा वीतभर ओरखडा दाखवला आणि नव्या बंपरचे ८,५०० व गाडी चार दिवस उभी राहणार म्हणून ६,००० असे १४,५०० रुपये सांगितले. अनामत त्याने ठेवून घेतली. उरलेल्या ४,५०० रुपयांसाठी आता रोज फोन येतात आणि पोलिसांत देण्याची भाषा होते. गाडी घेताना कोणीच फोटो काढले नव्हते, पण डिकीत सामान भरताना मुलीने काढलेल्या एका फोटोत बंपरचा तो कोपरा येतो आणि तेथे एक रेघ दिसते. मी सही केलेल्या कागदावर ‘नुकसानीबाबत मालकाचा निर्णय अंतिम राहील’ असे छापलेले आहे. हे पैसे मी देणे लागतो का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : आज आणखी एकही रुपया देऊ नका आणि ठेवून घेतलेल्या अनामतीचा हिशेब लेखी मागा.

गाडी भाड्याने घेणे हा भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे निक्षेपाचा व्यवहार आहे. वस्तू एका कामापुरती दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाले की परत घ्यायची, असे त्याचे स्वरूप असते. कलम १५१ नुसार, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या गाडीची जेवढी काळजी घेईल तेवढी आपण घ्यायची असते. त्यामुळे पहिला प्रश्न रकमेचा नसून ओरखडा केव्हा पडला याचा आहे. गाडी आपल्या हाती दिली तेव्हा तो कोपरा चांगला होता, हे आधी मालकाने दाखवले पाहिजे. ते दाखवल्यानंतरच खुलासा करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ताबा देताना त्याने फोटो काढले नसतील, दोघांनी मिळून पाहणी केली नसेल आणि जुन्या खुणांची नोंद असलेला कागद नसेल, तर त्याची बाजू पहिल्याच पायरीवर लंगडी पडते. आपल्याकडे तर नकळत का होईना, एक फोटो आहे.

तो फोटो फोनमध्ये मूळ स्वरूपात जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार कमी होतो आणि तो कधी काढला याची आतली नोंद पुसली जाते, म्हणून पाठवायचाच असेल तर ईमेलला जोडून पाठवा. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये सांगितलेले प्रमाणपत्र फोटोसोबत द्यावे लागू शकते, याची वकिलांना आठवण करून द्या.

ओरखड्याचे वय पाहूनही बरेच कळते. नख आडवे फिरवले आणि ते कोठेही अडकले नाही, तर ओरखडा बहुधा वरच्या पारदर्शक थरापुरताच असतो आणि रबिंग-पॉलिश केले की निघून जातो. नख अडकले तर रंग फाटला आहे असे समजावे. जुन्या ओरखड्याच्या कडा बोथट झालेल्या असतात आणि आपल्याकडची तांबडी धूळ त्या रेघेत इतकी घट्ट बसलेली असते की ओल्या फडक्याच्या एका हाताने ती जात नाही. ओरखडा पत्र्यावर असेल आणि रंगाच्या कडेखाली गंज शिरून रंग फुगला असेल, तर तो काल-परवाचा नक्कीच नव्हे. आपल्या प्रकरणात बंपर प्लॅस्टिकचा असल्याने गंजाची खूण मिळणार नाही, पण धुळीची मिळू शकते. मालकाने ओरखडा दाखवताना जवळून काढलेला फोटो त्याच्याकडून अवश्य मागा.

आता रकमेकडे वळू. समजा, ओरखडा आपल्याकडूनच पडला. तरीही मालकाला मिळायची ती झालेल्या नुकसानीची भरपाई. दंड वसूल करण्याचा अधिकार त्याला नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात एखादी रक्कम आधीच लिहिलेली असली, तरी ती कमाल मर्यादा असते आणि तिच्या आतली वाजवी भरपाई तेवढी मिळते. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुकसान झालेलेच नसेल तर या कलमाखाली भरपाई मागता येत नाही. वीतभर ओरखड्यासाठी बंपर बदलावा लागत नाही. गॅरेजमध्ये तो घासून, प्रायमर मारून पुन्हा रंगवतात आणि हे काम नव्या बंपरच्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत होते. बंपर खरोखर फुटला असता, तरी जुन्या गाडीला कोरा बंपर आपल्या खर्चाने मिळावा हे न्याय्य नाही. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतही प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो.

चार दिवसांच्या भाड्याची मागणी मला सर्वांत जास्त खटकते, कारण अशा वादांत खरी फुगवणूक याच आकड्यात होते. रंगकामाला गाडी एखाद-दुसरा दिवस लागते. त्या दिवसांत ती गॅरेजमध्येच होती, हे गॅरेजच्या जॉब कार्डावरून दिसले पाहिजे आणि त्या तारखांना तिला गिऱ्हाईक होते, हे बुकिंगच्या नोंदीवरून दिसले पाहिजे. चवथीच्या दिवसांत मोपला गाड्यांना मागणी असते हे खरे आहे. म्हणूनच तीच गाडी तोच ओरखडा घेऊन दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दिली गेली असण्याचीही शक्यता तेवढीच आहे. तसे झाले असेल तर बुडालेले भाडे मागण्यात काही अर्थ उरत नाही.

‘मालकाचा निर्णय अंतिम’ या वाक्याने दबून जाऊ नका. स्वतःच्या दाव्यात स्वतःच न्यायाधीश होण्याची सोय छापील कागदाने मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये अनुचित कराराची व्याख्या आहे आणि अवाजवी मोठी अनामत, नुकसानीशी प्रमाण न राखणारा दंड, ग्राहकाला तोट्यात टाकणारा अवाजवी आकार किंवा अट या गोष्टी तिच्यात येतात. मात्र केवळ अनुचित करार एवढ्याच मुद्द्यावरची तक्रार राज्य आयोगाकडे न्यावी लागते. आपल्या रकमेसाठी तेवढे लांब जाण्याची गरज नाही. अनामत अडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा आहे, असा मुद्दा घेऊन जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार करता येत असल्याने आपल्याला ठाण्याहून गोव्याला खेपा घालाव्या लागणार नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

आधी मात्र एक साधे पत्र पाठवा. ताबा देतानाचे फोटो, दुरुस्तीचे बिल, जॉब कार्ड, बंपर बदलला असल्यास जुना बंपर पाहण्याची संधी आणि विम्याचा दावा केला असल्यास त्याची कागदपत्रे पंधरा दिवसांत द्यावीत, अन्यथा अनामत परत करावी, एवढेच त्यात लिहा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकाला तक्रार नोंदवा. पुष्कळ व्यवसायिक त्या टप्प्यावर तडजोडीला येतात. पोलिसांच्या धमकीने घाबरण्याचे कारण नाही. गाडी आपण वेळेवर परत केली आहे आणि बंपरच्या खर्चाचा वाद हा दिवाणी वाद आहे. फोटो नीट पाहिल्यावर ती रेघ म्हणजे उन्हाची तिरीप होती आणि ओरखडा आपल्याच हातून पडला असे आपल्याला वाटले, तर त्या कोपऱ्याच्या रंगकामाचे बिल मागवून तेवढे पैसे द्या आणि उरलेली अनामत परत घ्या.

प्रश्न : मी बार्देशमध्ये गाड्या भाड्याने देतो. मे महिन्यात एका पर्यटकाने माझी गाडी मोरजीच्या वाळूत उतरवली. भरतीचे पाणी आत आले, गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली आणि इंजिन बसले. विमा कंपनीने इंजिनचा दावा नाकारला. गिऱ्हाईक म्हणतो, ‘विमा तुमचा, तुमचे तुम्ही बघा.’ सर्व मासिके ग्राहकाचीच बाजू घेतात. आमचे कोणी ऐकणार आहे का?
(एक व्यवसायिक, म्हापसा)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन चालवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि तशी अट आपल्या करारपत्रातही असेल, तर करार कायद्याचे कलम १५४ आपल्या बाजूने उभे राहते. ठरलेल्या अटींबाहेर वस्तूचा वापर केल्याने झालेली हानी वापरणाऱ्याने भरून द्यायची असते आणि तेथे ‘मी काळजी घेतली होती’ हा बचाव चालत नाही. विमा कंपनीचा नकारही समजण्यासारखा आहे. पाणी शिरलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की ते आतून मोडते आणि अशी हानी इंजिन-संरक्षणाचे जोडकलम घेतलेले नसल्यास नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. किनारपट्टीवर गाड्या भाड्याने देणाऱ्याने हे जोडकलम न घेणे मला धोक्याचे वाटते.

गिऱ्हाइकाला वाळूतील गाडीचे फोटो, ट्रॅक्टरवाल्याची पावती आणि गॅरेजचे अंदाजपत्रक लेखी पाठवा. इंजिन उघडण्याची तारीख आधी कळवा आणि त्याला किंवा त्याच्या माणसाला हजर राहण्यास सांगा. हे पत्र गेलेले नसेल, तर पुढे दिवाणी न्यायालयात ‘इंजिन आधीच खराब होते’ असा बचाव हमखास येतो. या व्यवहारात आपण सेवा घेणारे नसून देणारे असल्याने गिऱ्हाइकाविरुद्ध आपल्याला ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटासाठी अर्ज करता येतो आणि रक्कम पाहता तो मार्ग आधी धरावा.

एक गोष्ट आपल्या पत्रात नाही आणि उत्तर तिच्यावर पुष्कळ अवलंबून आहे. गाडीची नंबरप्लेट कोणत्या रंगाची आहे? स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिली असेल, तर खासगी वाहनाच्या पॉलिसीतून भाड्याचा वापर वगळलेला असल्याने इंजिनच काय, साध्या पोच्याचा दावाही विमा कंपनी नाकारू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली परवान्याविना वाहन वापरल्याचा १०,००० रुपयांचा दंड आणि कैदेची तरतूद आहे ती वेगळीच. तशा गाडीची भरपाई मागायला न्यायालयात गेलात, तर समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न नंबरप्लेटबद्दलच असेल. परवाना असेल तर निश्चिंतपणे पुढे जा. नसेल तर हा दावा पुढे नेण्याआधी वकिलांचा सल्ला घ्या. आणि कोणत्याही परिस्थितीत गिऱ्हाइकाचे मूळ ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आधार कार्ड अडकवून ठेवू नका. आपली न्याय्य बाजू त्याने पार बिघडते.

प्रश्न : नागपूरहून आलेल्या माझ्या भावोजींनी भाड्याने घेतलेली गाडी रात्री आमच्या अंगणात माडाखाली लावली. पहाटे नारळ पडून पुढची काच तडकली. गाडीचा मालक काचेचे पूर्ण पैसे मागतो. माडावरून नारळ पडणे हा दैवाचा भाग नव्हे का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : पूर्णपणे नाही. करार कायद्याच्या कलम १५२ नुसार योग्य ती काळजी घेऊनही हानी झाली, तर करारात वेगळे ठरलेले नसल्यास भाड्याने घेणारा जबाबदार ठरत नाही. परंतु येथे काळजी घेतली होती का, हाच प्रश्न आहे. सार्वजनिक पार्किंगमध्ये दुसरी जागाच नसती, तर आपले म्हणणे मी उचलून धरले असते. घरच्या अंगणात, पाडप (नारळ उतरवणे) व्हायची बाकी असलेल्या माडाखाली गाडी लावू नये, हे नागपूरच्या पाहुण्याला ठाऊक नसले तरी आपल्याला ठाऊक होते, आणि भावोजींना तेवढे सांगायला हवे होते.

तरीही मालकाने संपूर्ण काचेचे पैसे मागणे बरोबर नाही. मोटार विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही, त्यामुळे काचेच्या दाव्यात जवळजवळ पूर्ण खर्च मिळतो आणि पॉलिसीत छापलेला अनिवार्य हिस्सा तेवढा मालकाच्या अंगावर राहतो. पुढच्या नूतनीकरणातला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जाईल म्हणून मालक बहुधा दावा करायला तयार नसतो. बोनस गेल्याने वाढणारा हप्ता त्याने आकडा दाखवून मागितला, तर त्यावर बोलणी करता येतील. काच बदलण्यापूर्वी विमा कंपनीला कळवणे आवश्यक असल्याने भावोजींनी आजच मालकाला लेखी कळवावे की त्याने दावा करावा, आणि अनिवार्य हिस्सा भरण्याची तयारी त्याच पत्रात दाखवावी.