घरचा ईव्ही चार्जर संध्याकाळी ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. स्टॅबिलायझर घेऊ का?

एवढ्यात घेऊ नका. आधी व्होल्टेज कुठे पडतंय ते शोधा. मी घरगुती वायरिंगची कामं करतो, आणि अशा तक्रारीत दोष घरातच निघाल्याचं बरेचदा पाहिलंय.

तुम्ही लिहिलंय की १५ अँपिअरच्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर आहे, मीटरपासून ३० मीटरवर, अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरवर. रात्री बारानंतर तो नीट चालतो, आणि इलेक्ट्रिशियनने दुपारी सॉकेटवर २२५ व्होल्ट मोजून ‘सगळं ओके’ सांगितलं. पण तेव्हा गाडी लावलेली नव्हती ना? सॉकेटवरच्या बिनलोड मापाला इथे अर्थ नाही. त्यालाच संध्याकाळी बोलवा. गाडी लावायच्या आधी एकदा मेन स्विचवर, मग गाडी चार्जिंगला असताना मेन स्विचवर आणि लगेच सॉकेटवर मोजायला सांगा.

समजा मेनवर १९५ आणि सॉकेटवर १७८ आले. म्हणजे १७ व्होल्ट वाटेत गेले. एवढ्या लांबीच्या वायरमध्ये १५ अँपिअरला सहा-सात व्होल्ट जाणारच. उरलेले दहा कुठल्यातरी लूज जोडात जातायत, आणि दहा गुणिले पंधरा म्हणजे दीडशे वॅट उष्णता त्या एका जागी. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! मेन बंद करून सॉकेट उघडलं की बरेचदा न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरचं टोक काळं आणि इन्सुलेशन कडक झालेलं दिसतं. ते सॉकेट त्याच दिवशी बदला, आग लागायला एवढं पुरतं.

स्टॅबिलायझर याच कारणासाठी नको म्हणतोय. १८० चे २३० करून १५ अँपिअर द्यायचे तर तो मागून १९-२० अँपिअर ओढणार, त्याच वायरमधून, त्याच लूज जोडातून.

गाडी लावायच्या आधीच मेनवर १८० असेल तर मात्र डीपीवर (भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे किंवा लाइन लांबची आहे. तारीख-वेळेसह रीडिंगचे फोटो काढा, वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवा, शेजाऱ्यांनाही नोंदवायला सांगा. गाडी लावल्यावरच मेनवरचं व्होल्टेज धाडकन पडत असेल तर पोलवरचा किंवा मीटरचा जोड बघावा लागेल. ते काम वीज कंपनीच्या माणसाचं, सील तोडू नका.

एक गोष्ट जिवावरची आहे. थ्री फेज घरात एका खोलीतले दिवे मंद आणि दुसरीकडचे जास्तच प्रखर झाले, तर न्यूट्रल तुटला असण्याची शक्यता आहे. लगेच मेन बंद करा, मगच फोन करा.

तोवर चार्जरमध्ये सोय असेल तर करंट १० अँपिअरवर आणा आणि गाडी रात्री उशिरा लावा. वायर बदलायचीच झाली तर चार स्क्वेअर एमएमची टाका, स्वतंत्र एमसीबीवर (जास्त करंट झाल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचवर). पुढे ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) घ्यायचा विचार असेल तर आत्ताच निदान सहाची ओढून घ्या आणि मंजूर भार वाढवायचा अर्जही देऊन ठेवा.