फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचीय? वॅट बघून अँप (अँप्लिफायर) घेऊ नकोस

अरे, 15 वॅटचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) ‘छोटा’ समजू नकोस. मी तसाच फसलो; व्हॉल्यूमचा नॉब दोनवर गेला की खालच्या काकू दारात! वॅट निम्मे केले तरी आवाज उतरतो फक्त 3 डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल इतका.

तुला मॉडेलिंग अँपच बरा, म्हणजे वेगवेगळ्या अँपचे आवाज डिजिटल पद्धतीने काढणारा. बॉस कंपनीच्या कटाना 50 मध्ये अर्ध्या वॅटची सेटिंग आहे. यामाहाचा टीएचआर तर घरात हळू वाजवण्यासाठीच काढलाय. हेडफोनची सोय हवीच, रात्री अकरानंतर तोच आधार. दुकानात आपण गप्पा मारतो तेवढ्याच आवाजावर वाजवून बघ. मोठ्याने काय, सगळेच गोड लागतात. आणि घरी अँप फरशीवर नको, स्टुलावर ठेव, खाली जाड फोम. खर्जाची थरथर स्लॅबमधूनच खाली उतरते.